मेंदूवर तिसऱ्यांदा रक्त साठलंय, आता स्टिरॉइड द्यावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. वडील ७६ वर्षांचे. मधुमेह जुना, गोळ्यांवर. हृदयाला स्टेंट, त्यामुळे रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू होत्या. गणपतीच्या आधी माळ्यावरून मखर काढताना डोकं तुळईला लागलं, कुणी मनावर घेतलं नाही. महिन्याभराने पाय अडखळायला लागले, उजव्या हातातून चहाचा कप सुटला, सीटीत डाव्या बाजूला रक्त दिसलं. कवटीला दोन भोकं पाडून ते काढलं. पाच आठवड्यांनी पुन्हा तेच, पुन्हा ऑपरेशन. आता तिसऱ्या सीटीत ११ मिलिमीटरचा थर दिसतोय. बाबा मात्र स्वतःच्या पायांनी चालतायत, जेवतायत, डोकं जरा जड आहे एवढंच. एक डॉक्टर म्हणतात डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देऊन बघू, दुसरे म्हणतात अजिबात नको. कुणाचं ऐकायचं?

उत्तर आधीच सांगून टाकतो. तुम्ही वर्णन केलेल्या अवस्थेत मी तुमच्या वडिलांना स्टिरॉइड देणार नाही. पण जे डॉक्टर द्यायचं म्हणतात ते काही चुकीच्या पुस्तकातून शिकलेले नाहीत. दहा वर्षांपूर्वी मीही हेच लिहून दिलं असतं. दिलंही आहे, अनेकांना.

मेंदूभोवती रक्त साठण्याचे तीन-चार निरनिराळे आजार आहेत आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर ते सगळे ‘ब्रेन हॅमरेज’ या एकाच नावाने फिरतात. रक्तवाहिनीवरचा फुगा फुटून होणारा सबअराक्नॉइड रक्तस्राव वेगळा. फुग्याला क्लिप लावावी लागते किंवा तो आतून कॉइलने भरावा लागतो, स्टिरॉइडने तो बंद होत नाही. अपघातात डोक्याला जबर मार लागल्यावर तर स्टिरॉइड घातक ठरलंय. ‘क्रॅश’ ही दहा हजारांवर रुग्णांची चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलेल्यांपैकी दोन आठवड्यांत २१.१ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. तोवर जगभर कितीतरी ठिकाणी ते चांगलं म्हणून दिलं जात होतं. उलट, म्हाताऱ्या माणसांत रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठून त्याभोवती दाह होतो, तिथे स्टिरॉइड हाच उपचार आहे. म्हणून ‘अमक्याच्या मेंदूतल्या रक्ताला स्टिरॉइडने गुण आला’ असं कुणी सांगितलं, तर कुठलं रक्त ते आधी विचारा.

तुमच्या वडिलांना आहे तो क्रॉनिक सबड्युरल हेमाटोमा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली हळूहळू साठत गेलेलं जुनं रक्त. वॉर्डात आम्ही ‘क्रॉनिक एसडीएच’ म्हणतो.

नारळ वाळत गेला की आतला गोटा करवंटीपासून सुटतो आणि हलवला की खुळखुळतो. वयानुसार मेंदूचं थोडंफार तसंच होतं. मेंदू आकसतो, कवटी तेवढीच राहते. मेंदूच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या जाड आवरणाकडे, म्हणजे ड्युराकडे, ज्या बारीक शिरा जातात त्या ताणल्या जातात. मग तुळई लागणं, एसटीचा गचका, बाथरूमच्या दारात ठेचकाळणं एवढंही पुरतं. निम्म्या घरांत तर ‘कधी लागलं?’ याचं उत्तरच मिळत नाही.

लोकांची समजूत अशी की रक्त एकदा सांडलं, साचलं, काढलं की संपलं. तसं असतं तर तुम्हाला हा प्रश्न पडलाच नसता. शरीर त्या रक्ताभोवती एक पडदा तयार करतं. त्या पडद्यात नव्या केशवाहिन्या उगवतात, पण त्या कच्च्या असतात, सारख्या झिरपतात. आतल्या द्रवात गुठळी विरघळवणारी द्रव्यं असतात, त्यामुळे झिरपलेलं रक्त गोठत नाही. ओल आलेल्या भिंतीसारखं आहे हे, पुसलं तरी आतून पाणी चालूच. रुडॉल्फ विर्शो या जर्मन पॅथॉलॉजिस्टने १८५७ मध्येच हा ड्युराचा दाह आहे असं लिहून ठेवलं होतं. पुढे विसाव्या शतकात डोक्याला लागलेल्या माराशी संबंध जुळला आणि त्याचं म्हणणं मागे पडलं. आज आम्ही दोन्ही धरून चालतो: सुरुवात माराने होते, वाढ दाहाने.

ऑपरेशनच्या टेबलावर हे डोळ्यांना दिसतं. भूल बहुतेकदा फक्त कातडीपुरती असते, माणूस जागा असतो. हाडाला रुपयाच्या नाण्याहून लहान भोक पाडायचं, खाली ड्युरा निळसर काळपट दिसतो. त्याला चीर दिली की गॅरेजमध्ये बदलून काढलेल्या इंजिन ऑइलसारखा द्रव दाबाने बाहेर येतो. मग कोमट सलाइनने धुवत राहायचं, बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. एक निवृत्त तलाठी आजोबा टेबलावर आणले तेव्हा मुलाचं नाव सांगू शकत नव्हते. धुणं अर्धं झालं असेल, तर कापडाखालून आवाज आला, “सिस्टर, पंखा जरा बारीक करा.” या ऑपरेशनची मजा ही आहे. तोटा असा की पडदा मागेच राहतो, आणि साधारण शंभरातल्या दहा ते वीस जणांना पुन्हा रक्त साठतं.

मग दाह कमी करणारं औषध द्यावं, पडद्यातलं झिरपणं थांबेल, असं कुणाच्याही मनात येईल. दाह कमी करण्यात डेक्सामेथासोनचा हात धरणारं औषध कमी. सत्तरच्या दशकापासून ऑपरेशनऐवजी स्टिरॉइड देऊन बरे झालेल्या रुग्णांची वर्णनं छापून येत होती. माझ्या निवासी डॉक्टरकीच्या काळात ऑपरेशननंतर आत ठेवलेली ड्रेनची नळी काढली की डिस्चार्ज कार्डावर डेक्साचा उतरता कोर्स आपोआप लिहिला जायचा. का, असं मी विचारल्याचं मला आठवत नाही.

२०२० च्या डिसेंबरात ब्रिटनमधल्या ‘डेक्स-सीएसडीएच’ चाचणीचे निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. ७४८ रुग्ण, सरासरी वय ७४, त्यांतल्या ९४ टक्के लोकांचं ऑपरेशनही झालेलं. अर्ध्यांना दोन आठवड्यांचा डेक्साचा कोर्स, सुरुवात ८ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. अंदाजासाठी सांगतो, कोविडमध्ये ऑक्सिजनवरच्या रुग्णाला दिवसाला ६ मिलिग्रॅम देत होते. इथे सुरुवातच १६ ने.

निकाल मी तेव्हा दोनदा वाचला. पुन्हा ऑपरेशन करावं लागलं ते डेक्सा गटात १.७ टक्के लोकांचं, दुसऱ्या गटात ७.१ टक्के. म्हणजे औषधाने काम केलं. पण सहा महिन्यांनी किती जण निदान आधाराशिवाय चालण्याइतके बरे होते, हे मोजलं तेव्हा डेक्सा गटात ८३.९ टक्के आणि बिनऔषधी गटात ९०.३ टक्के. सीटी सुधारला, माणूस मागे राहिला. शुगर चढणं, जंतुसंसर्ग, भ्रम असे त्रास डेक्सा गटात जास्त होते.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी प्रश्न वेगळ्या बाजूने घेतला: ऑपरेशन करूच नये, नुसतं डेक्सा द्यावं, तर? त्यांची चाचणी २५२ रुग्णांवरच मुदतीआधी थांबवावी लागली. २०२३ च्या अहवालानुसार डेक्सा घेतलेल्या ५५ टक्के लोकांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं; आधीच ऑपरेशन झालेल्यांत पुन्हा टेबलावर जावं लागलेले ६ टक्के. गुंतागुंत ५९ टक्के विरुद्ध ३२ टक्के.

तुमच्या दोन डॉक्टरांमधलं भांडण इथे आहे. ‘रक्त परत साठेल का?’ असं विचारलं तर डेक्साच्या बाजूने आकडा आहे. ‘बाबा सहा महिन्यांनी कसे असतील?’ असं विचारलं तर विरुद्ध आहे. मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. पुन्हा ऑपरेशन म्हणजे काय तर जुन्याच भोकातून पुन्हा धुणं. ते टाळण्यासाठी ७६ वर्षांच्या मधुमेही माणसाला दोन आठवडे इतकं स्टिरॉइड देणं हा सौदा मला परवडत नाही.

मधुमेहाचं मी उगाच म्हणत नाही. २०१८ च्या आसपासची गोष्ट. सत्तरीचे एक शेतकरी, दुसऱ्यांदा रक्त साठलेलं, घरचे दुसऱ्या ऑपरेशनला तयार नव्हते, मी डेक्सा सुरू केलं. शुगर १६० च्या घरात होती, म्हटलं चालेल. पाचव्या रात्री सुनेचा फोन. आजोबा तीन रात्री झोपलेले नाहीत, अंगणात उभं राहून दहा वर्षांपूर्वी विकलेल्या बैलांना नावाने हाका मारतायत. घरी ग्लुकोमीटर नव्हता. सकाळी आणलं तेव्हा शुगर ४८० च्या वर. त्यांना दाखल करून इन्सुलिनवर ठेवण्यात जे दहा दिवस गेले त्यात ते अंथरुणाला खिळले, आणि पुढे काठीशिवाय कधी चालले नाहीत. सीटीतला थर मात्र निम्मा झाला होता. तो सीटी मी त्यांच्या मुलाला दाखवला तेव्हा तो काहीच बोलला नाही.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी आहेत ज्या लंडनच्या डॉक्टरला फारशा आठवणार नाहीत. एक, जुना टीबी. छातीत झाकून राहिलेला टीबी स्टिरॉइडने डोकं वर काढू शकतो, म्हणून एक एक्स-रे तरी हवाच. दुसरी, बुरशी. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरचे रुग्ण ज्यांनी पाहिलेत त्यांना वाढलेली शुगर आणि स्टिरॉइड ही जोडी काय करते ते वेगळं सांगायला नको. आणि डेक्सा आपल्याकडे काही रुपयांत मिळतं, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवायही कुणी देतं. स्वस्त म्हणजे साधं औषध अशी एक समजूत त्यातून तयार होते. कोर्स चालू असताना ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मध्येच बंद करणारेही भेटतात. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं तोवर मंदावलेलं असतं. बीपी कोसळून माणूस आडवा होऊ शकतो.

आता तुमच्या वडिलांकडे वळतो. स्टिरॉइडच्या आधी मी तीन प्रश्न विचारले असते आणि त्यातला पहिला तुम्हाला विचित्र वाटेल: तिसरा सीटी केला कशासाठी? बाबा बिघडले म्हणून, की पाच आठवडे झाले म्हणून? ऑपरेशननंतर थोडा थर बहुतेकांना राहतोच. कधी हवा असते, कधी पाणी, कधी पडदा. मेंदू आत दबलेला असतो, त्याला वर यायला आठवडे लागतात. म्हाताऱ्या माणसांत तर ती जागा कायमची रिकामी राहू शकते. आकडा ११ आहे हे एकट्याने काही सांगत नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच्या सीटीत तो १४ होता का ८ होता? मेंदूची मधली रेषा सरकलीय का? दोन्ही फिल्म शेजारी शेजारी धरून बघितल्याशिवाय ‘तिसऱ्यांदा साठलं’ असं मी म्हणणार नाही. चालतायत, बोलतायत, हाताची पकड सारखी आहे, तर दोन-तीन आठवडे थांबून पुन्हा सीटी, एवढाच उपचार मी लिहीन. थांबणं हा उपचार आहे हे नातेवाइकांना पटवणं ऑपरेशनपेक्षा अवघड असतं, ते सोडा.

दुसरा प्रश्न, पुन्हा का साठलं? मागच्या वेळी आत ड्रेनची नळी ठेवली होती का, ते डिस्चार्ज कार्डावर बघा. केंब्रिजच्या शल्यचिकित्सकांनी २००९ मध्ये दाखवलं की धुतल्यावर दोन दिवस नळी ठेवली तर पुन्हा साठण्याचं प्रमाण ९.३ टक्के, नाही ठेवली तर २४ टक्के. सहा महिन्यांतले मृत्यूही नळी ठेवलेल्यांत, न ठेवलेल्यांच्या तुलनेत, जवळपास निम्मेच होते. वीस-तीस सेंटिमीटरच्या एका प्लॅस्टिकच्या नळीने जे केलं ते महागड्या औषधांना जमलेलं नाही. मग रक्त गोठण्याच्या तपासण्या, प्लेटलेट, लिव्हर, किडनी. दारू असेल तर खरं सांगा, डॉक्टर पोलीस नाहीत. गुडघ्यासाठी कुठल्या पुड्या किंवा वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा.

वय कमी असतं तर मी आणखी एक गोष्ट शोधली असती. चाळिशीचा एक संगणक अभियंता असाच आला होता, दोन्ही बाजूंना रक्त, दोनदा काढलं, दोनदा परत. उठून बसलं की त्याचं डोकं दुखायचं आणि आडवं पडलं की दहा मिनिटांत थांबायचं. ते वाक्य फाइलीत होतं, पण कुणी त्याच्यापाशी थांबलं नव्हतं, मीसुद्धा नाही. पाठीच्या कण्यात आवरणाला बारीक चीर होती, तिथून मेंदूभोवतालचं पाणी गळत होतं आणि मेंदू खाली ओढला जाऊन वर पोकळी होत होती. त्याचंच रक्त काढून पाठीत त्या जागेजवळ टोचलं. डोक्याला पुन्हा हात लावावा लागला नाही.

तिसरा प्रश्न स्टेंटचा, आणि तुमच्या बाबांच्या बाबतीत सगळं उत्तर तिथेच दडलेलं असू शकतं. दोन गोळ्या म्हणजे बहुधा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. त्या ऑपरेशननंतर कधी सुरू झाल्या? कुणी सुरू केल्या? मी पाहिलेल्या अनेक घरांत न्यूरोसर्जन ‘बंद’ म्हणतो, हृदयाचे डॉक्टर ‘चालू’ म्हणतात आणि निर्णय औषधांचा डबा भरणारी सून घेते. या दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. तुमच्यासमोर. स्टेंट ताजा असेल तर गोळ्या बंद करणं जिवावर बेतू शकतं, जुना असेल तर काही काळ एका गोळीवर किंवा गोळीशिवाय काढता येतो. मनाने काहीही बंद करू नका.

खरंच पुन्हा साठत असेल तर आज माझ्यासमोर एक नवा रस्ता आहे. त्या पडद्याला रक्त पुरवणारी मधली मेनिंजियल धमनी मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून आतून बंद करायची. ओल पुसण्यापेक्षा पाइपचा कॉक बंद करावा तसं. २०२४ मध्ये याच्या मोठ्या चाचण्या आल्या. अमेरिकेतल्या ‘एम्बोलाइझ’ चाचणीत ऑपरेशनच्या जोडीला हे केलं तर ९० दिवसांत पुन्हा ऑपरेशनची वेळ ४.१ टक्के लोकांवर आली, नुसत्या ऑपरेशननंतर ११.३ टक्क्यांवर. चीनमधल्या ७२२ रुग्णांच्या चाचणीत रक्त पुन्हा साठून किंवा वाढून त्रास होण्याचं प्रमाण ६.७ आणि ९.९ टक्के होतं, म्हणजे फरक कमी निघाला, तो योगायोगही असू शकतो असं गणित सांगतं. म्हणजे जादू नाही, पण दोनदा परत आलेल्या माणसासाठी मी याचा विचार डेक्साच्या आधी करतो. याला कॅथलॅब आणि हात बसलेला माणूस लागतो, खर्च लाखांत जातो, आणि डोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी त्या धमनीचं नातं असेल तर नजरेला धोका असतो. हे आधी चित्रात तपासावं लागतं. परिणाम दिसायला आठवडे लागतात, त्यामुळे दाब वाढलेल्या रुग्णाला आधी भोक, मग हे.

ॲटोरव्हास्टॅटिनबद्दलही तुम्ही वाचलं असेल. २०१८ च्या एका चिनी चाचणीत ऑपरेशनची तातडी नसलेल्या २०० रुग्णांना आठ आठवडे रोज २० मिलिग्रॅम किंवा बिनऔषधी गोळी दिली. पुढे ऑपरेशन लागलं ते ११.२ टक्क्यांना, दुसऱ्या गटात २३.५ टक्क्यांना. एकाच चाचणीवर मी घर बांधत नाही. पण स्टेंटमुळे तुमच्या वडिलांच्या डब्यात ही गोळी बहुतेक आधीच असेल. असेल तर ती चालू राहू द्या.

मग मी डेक्सा कधीच देत नाही का? देतो, वर्षातून एखाद-दोघांना. नव्वदीच्या, फुप्फुसं निकामी झालेल्या एक आजी होत्या; ऑपरेशन घरच्यांनाही नको, त्यांनाही नको. थर लहान, त्रास हळू वाढणारा, शुगर नाही. अशा वेळी कमी डोस, कमी दिवस, आणि अटी लिहून देतो. दिवसाची शेवटची गोळी दुपारी तीनच्या आत, नाहीतर रात्र जागून काढतात. सोबत ॲसिडिटीची गोळी. ग्लुकोमीटर घरात, मधुमेह नसला तरी. बडबड किंवा संशय वाढला तर त्याच रात्री फोन, सकाळची वाट बघायची नाही. आठवड्याने फरक नसेल तर डोस उतरवत थांबवायचं. ‘अजून थोडं देऊन बघू’ या वाक्यावर मी स्वतःला बंदी घातली आहे.

आणि समजा आज रात्री बाबा नेहमीपेक्षा जास्त झोपाळू वाटले, उठवायला वेळ लागला, उलटी झाली, उजवा हात-पाय ढिला पडला, जीभ जड झाली किंवा झटका आला, तर कुठलीही गोळी न देता थेट न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलात. जुन्या सगळ्या सीटीच्या फिल्म आणि गोळ्यांचा डबा बरोबर न्या. रिपोर्टचा कागद पुरत नाही, फिल्म किंवा सीडी हवी.

तोवर रात्री बाथरूमपर्यंतचा दिवा चालू ठेवा, पायपुसणी उचलून टाका, आणि माळ्यावरचं काही काढायचं असेल तर ते दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

तुमच्या निरोपात एक माहिती राहिलीय. स्टेंट कुठल्या वर्षी बसवला ते लिहिलेलं नाही. ते कळवा, आणि दुसऱ्या ऑपरेशननंतर गोळ्या कोणत्या तारखेपासून सुरू झाल्या तेही. शक्य झाल्यास ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच्या आणि आताच्या सीटीचे फोटो खिडकीच्या उजेडावर धरून काढून पाठवा.